गावात शिंपी नाही

बँकेत काम करणारा माणूस जन्मभर लिहीत असतो, पण त्याचे लिहिणे कुणी आवडीने वाचत नाही. मीही असे पुष्कळ लिहिले. कर्जाची टिपणे, शिफारशी, स्थळपाहणीचे अहवाल, वसुलीचे शेरे. कादंबऱ्या रात्री लिहिल्या. दिवसा लिहिले ते हे. कादंबऱ्यांवर बरीवाईट परीक्षणे आली. दिवसाच्या लिखाणावर ऑडिटरखेरीज कुणी चकार शब्द काढला नाही. पण त्या लिखाणातला एक शब्द इतकी वर्षे झाली तरी माझी पाठ सोडत नाही.

१९८७ चा मार्च महिना. लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत मी सरकारी योजनांच्या कर्जांचे काम पाहत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, म्हणजे त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी असलेली 'आयआरडीपी', जोरात होती. म्हैस, शेळ्या, किराणा दुकान, शिलाई मशीन अशी प्रकरणे पंचायत समितीकडून गठ्ठ्याने येत आणि एकतीस तारखेच्या आत उद्दिष्ट गाठायचे असे. शाखेपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावातल्या तरुणाचे शिलाई मशीनचे प्रकरण माझ्या टेबलावर आले. पोरगा ट्रायसेमचे प्रशिक्षण घेतलेला, चुणचुणीत. मी मोटारसायकलवर जाऊन गाव पाहून आलो आणि अहवाल भरला. त्यात एक रकाना होता : 'गावात या व्यवसायाची सध्या असलेली सोय'. मी त्यापुढे लिहिले, 'नाही'.

त्या गावात शिंपी होता. मारुतीच्या पाराशेजारी लिंबाखालच्या त्याच्या ओट्यावर बसून त्याच दिवशी मी चहा प्यालो होतो.

सारे गाव त्यांना मामा म्हणे. वय साठीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एक जुने हातमशीन होते, ते चाले तेव्हा चाले. एरवी सुई-दोऱ्यावर काम. म्हाताऱ्यांच्या बंड्या, कोपऱ्या, पोळ्याला बैलांच्या झुली, बाळंतिणीच्या घरी कुंची-टोपडे. काजे-बटणे मामी करायच्या. हिशेब सगळा धान्याचा. घरटी ठरलेली ज्वारी सुगीला खळ्यावर मोजून घ्यायची, लग्नकार्यात शिधा आणि मान घ्यायचा, वर्षभर गावाचे कपडे शिवायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ही सगळी व्यवस्था नोंदवून ठेवली आहे. शिंपी बारा बलुत्यांत येत नाही, तो अठरा अलुत्यांतला. पण धान्यावर जगायचे म्हणजे दोघांचीही एकच गत. १९८७ साली गावातली निम्मी घरे मामांना ज्वारी देत नव्हती. उरलेली देत होती ती जुन्या ओळखीखातर.

आदल्या वर्षी मला मुलगी झाली, तेव्हा मामांनी खणाची कुंची शिवून दिली होती. आतून जुन्या लुगड्याचे मऊ अस्तर, सगळी हातशिलाई. पैसे विचारले तर म्हणाले, "लेकराच्या कुंचीचे पैसे घेत असत्यात व्हय, सायब?"

हे सगळे ठाऊक असून मी 'नाही' लिहिले. कारण साधे होते. 'आहे' लिहिले असते तर गावात दुसऱ्या शिंप्याला पुरेसे काम मिळेल का, असा प्रश्न वरून आला असता, त्याचे उत्तर लिहावे लागले असते आणि मार्च उलटला असता. शिवाय मनात असेही होते की धान्यावर कपडे शिवणारा म्हातारा हा काही 'व्यवसाय' नव्हे. त्या दोन अक्षरांचा खरा अर्थ मला आठेक वर्षांनी एका आफ्रिकी कादंबरीने समजावून दिला.

भिंतीवरचे खाते

पुढे माझी बदली नांदेडला झाली. तिथे इंग्रजी शिकवणारा माझा एक मित्र होता. त्याने एक दिवस चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या बोराडेसरांचा नायजेरियातला भाऊबंद आहे. वाच."

अचेबे १९३० साली ओगिडी या गावी जन्मले. वडील ख्रिस्ती झालेले, चर्चसाठी धर्मशिक्षण देत गावोगाव फिरणारे. मुलगा इंग्रजी शाळेत शिकला आणि गोऱ्या लेखकांनी आफ्रिकेवर लिहिलेल्या कादंबऱ्या वाचून अस्वस्थ झाला. त्या पुस्तकांतली काळी माणसे त्याला आपली वाटेनात. मग त्याने स्वतःच लिहायला घेतले. हस्तलिखित टंकलेखनासाठी लंडनला पाठवले, ते तिथे महिनोन्‌महिने पडून राहिले. दुसरी प्रत नव्हती. एका सहकारी बाईंनी लंडनमध्ये जाऊन चौकशी केली म्हणून ते वाचले. १९५८ साली पुस्तक निघाले आणि जगभर गेले. अचेबे २०१३ साली वारले.

कादंबरी नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. नऊ गावांचा मिळून उमुओफिया नावाचा मुलूख आणि त्यातला ओकोंक्वो हा नामांकित पैलवान आणि कष्टाळू शेतकरी. पण माझ्यातल्या बँकवाल्याला पहिल्यांदा भेटला तो त्याचा बाप, उनोका. बासरीवेडा, आळशी, गावभर उधारी करून ठेवलेला. एकदा शेजारी पैसे मागायला येतो. उनोका पोट धरून हसतो आणि झोपडीची भिंत दाखवतो. भिंतीवर खडूच्या रेघांचे पाच गट. प्रत्येक गट म्हणजे एक सावकार, प्रत्येक रेघ म्हणजे शंभर कवड्या. आधी मोठी कर्जे फेडणार, मग तुझे, असे तो त्या बिचाऱ्याला ऐकवतो. वसुलीला गेल्यावर मी अशी उत्तरे किती ऐकली असतील! त्या भिंतीपाशी मला वाटले, हे गाव आपल्या ओळखीचे आहे.

ओकोंक्वोचे सारे आयुष्य बापासारखे होऊ नये या एका धास्तीने व्यापलेले. हळवेपणा दिसला तर लोक बाईलबुद्ध्या म्हणतील, ही भीती. इकेमेफुना नावाचा परगावचा मुलगा तीन वर्षे त्याच्या घरी वाढतो, त्याला बाप म्हणतो. देवाचा कौल येतो की मुलाला मारावे. गावातला एक वृद्ध सांगतो, तू त्यात हात घालू नकोस. तरी शेवटचा घाव ओकोंक्वोच घालतो, दुबळा ठरू नये म्हणून. हे पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

देव, कंद आणि पंच

अचेबेंनी त्या समाजाचा धर्म एखाद्या घरच्या माणसाने सांगावा तसा सांगितला आहे. सर्वांच्या वर चुक्वू. खाली भूमाता आनी. पीक तिचे, नीतीही तिची. प्रत्येक माणसाचा आपला असा एक 'ची', आपण नशीब म्हणतो आणि पाठराखा म्हणतो त्या दोन्हींच्या मधला. पेरणीआधी एक आठवडा शांततेचा, त्यात कुणी कुणाला वाईट शब्दही बोलायचा नाही. ओकोंक्वो त्या आठवड्यात बायकोला मारतो आणि गावातला बडा असूनही दंड भरतो. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवणाऱ्याला गाव कसे बघते ते आठवावे.

राजा नाही, पोलीस नाही. भांडण मोठे झाले की पूर्वजांचे मुखवटे घातलेले नऊजण न्यायाला बसतात. त्यातल्या एकाची चाल ओकोंक्वोसारखी आहे हे त्याच्या बायकांच्या लक्षात येत असेलही, पण त्या बोलत नाहीत. हे वाचताना मला आमच्याकडची जत्रा आठवली. अंगात आलेल्या शेजारणीला त्या वेळी आपण तिच्या नावाने हाक मारत नाही, देवीलाच विचारतो. मुखवट्यामागचे माणूस न ओळखणे ही अडाणीपणाची खूण नव्हे, तो सगळ्यांनी मिळून पाळलेला करार असतो.

आणि सणांचा सण नव्या यामचा. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. तेच त्यांचे मुख्य अन्न. नवा कंद आधी देवाला, मग माणसाला. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना इथे आपली येळवस आठवेल. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमची गावे ओस पडतात, कारण सगळे शेतात असतात. कडब्याची कोप, आत मांडलेले पांडव, आंबिलाचा बिंदगा, भज्जी, उंडे आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवायला बोलावणे. पीक उभे असताना भूमीला आधी जेवू घालायचे हे आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही.

अचेबेंच्या १९६४ च्या 'ॲरो ऑफ गॉड' या कादंबरीचा सारा पेच या सणावर आहे. एझेउलू हा सहा गावांच्या देवाचा मुख्य पुजारी. वर्षभरात ठराविक चंद्रदर्शनांना एकेक पवित्र कंद खायचा, ते संपले की नव्या कंदाच्या सणाचा दिवस जाहीर करायचा, हे त्याचे काम. इंग्रज अधिकारी त्याला मुलखाचा पुढारी नेमू पाहतो. एझेउलू नाही म्हणतो आणि डांबला जातो. गावाने आपल्याला एकटे सोडले याचा राग मनात धरून तो परततो. दोन कंद मागे राहिलेले, म्हणून तो सणाचा दिवस जाहीर करीत नाही. पीक जमिनीत कुजू लागते, घराघरांत उपासमार. तेव्हा चर्चमधला धर्मशिक्षक सांगतो, कंद आमच्या देवाला वाहा आणि मग खुशाल खणा. लोक खणतात. एका हंगामात जुना देव गावातून जातो. त्याला बंदुकीने कुणी हाकलले नाही. पुजाऱ्याचा हट्ट, लोकांची भूक आणि वेळेवर उघडे असलेले दुसरे दार या तिघांनी मिळून ते काम केले.

हैदराबादची हवा

कुणी म्हणेल, आमच्या मराठवाड्यावर इंग्रजांचे राज्य कुठे होते? आम्ही तर निजामाचे. गंमत अशी की इग्बोंच्या वाट्याला जी राज्यपद्धत आली, तिचा नमुना हिंदुस्थानातल्या संस्थानांत आधीच होता. नायजेरियाचा गव्हर्नर जनरल लुगार्ड हा १८५८ साली मद्रासेत जन्मलेला आणि हिंदुस्थानात फौजी नोकरी केलेला. स्थानिक राजाला गादीवर ठेवायचे आणि त्याच्या हाताने कारभार करायचा, ही रीत त्याने तिकडे पक्की केली. हैदराबादेत निजाम होता आणि त्याच्या शेजारी इंग्रज रेसिडेंट. पण इग्बोंना राजेच नव्हते. मग सनदा देऊन पुढारी नेमले गेले. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हते असेही त्यात शिरले. या सनदी पुढाऱ्यांविरुद्ध आणि कराच्या भीतीने १९२९ साली तिथल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक मेल्या.

आमच्याकडे बदल दोन धन्यांच्या हातून आला, म्हणून तो कुणाचा हे पटकन सांगता येत नाही. गोदावरी खोऱ्यातली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडात आली, बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली लातूरला. कापूस गाडीत चढू लागला आणि त्याबरोबर गावाच्या हिशेबात रोकड उतरू लागली. माझे आजोबा हाली रुपया आणि कलदार रुपया असे दोन निराळे रुपये बोलत. पहिला निजामाचा, दुसरा इंग्रजांचा. १९४८ च्या १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले आणि पुढच्या काही वर्षांत हाली शिक्काही गेला. इग्बोंच्या कवड्या अशाच गेल्या. नाणे बदलले की दुकानापुरते बदलत नाही. कोण कुणाचे किती देणे लागतो, कशासाठी लागतो, हेही बदलते. मामांची ज्वारी मोजायला माझ्या बँकेत रकानाच नव्हता.

ओढ्यापलीकडचा पोरगा

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख हरवलेल्या गावासाठी गाळलेल्या आसवांचा झाला असता. अचेबे तसे करू देत नाहीत. त्यांच्या उमुओफियात जुळी मुले अशुभ म्हणून जंगलात टाकून देत. तिथे 'ओसू' नावाचे लोक होते. देवाला वाहिलेले, म्हणून वाळीत. त्यांनी केस कापायचे नाहीत, गावच्या सभेला यायचे नाही, इतरांशी सोयरीक नाही, मेल्यावर पुरायचे तेही भुताखेतांच्या रानात. मिशनऱ्यांनी जागा मागितली तेव्हा गावाने त्यांना तेच रान दिले, चार दिवसांत मरतील म्हणून. ते मेले नाहीत. मग ओसू चर्चच्या दारात आले. आधी आलेले ख्रिस्तीच कुरकुरले. धर्मशिक्षकाने ऐकले नाही. ओसूंनी केस उतरवले आणि आत बसले. ओकोंक्वोचा थोरला मुलगा न्वोयेही तिकडे गेला. मारलेल्या इकेमेफुनाचे आणि जंगलात रडणाऱ्या जुळ्यांचे उत्तर बापाच्या धर्मात त्याला मिळत नव्हते.

हे आमच्यापासून फार लांब नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ जालन्यात आले आणि निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे गेलेल्यांत महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावकुसाबाहेर जन्मलेल्याला गावाचा मधला रस्ता प्रथमच पायांखाली मिळाला तो अशा ठिकाणी. आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात, ती १८५७ ची 'यमुनापर्यटन' लिहिली बाबा पदमनजींनी, तेही धर्मांतरितच. हिंदू विधवांचे हाल हा तिचा विषय. म्हणजे मराठी कादंबरीचा हात धरला तो घर सोडून गेलेल्या न्वोयेने. घरातल्यांना जे दिसत होते पण बोलवत नव्हते, ते त्याने बोलून टाकले.

आमच्याकडे पुढे आणखी एक गोष्ट घडली, जी उमुओफियात घडली नाही. १९५६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो माणसे त्यांच्यामागून गेली. हे दार दुसऱ्याने उघडलेले नव्हते, आपले आपण बांधलेले होते. त्याच १९५६ साली पूर्व नायजेरियात ओसू प्रथा बंद करणारा कायदा झाला. पण अचेबेंच्या १९६० च्या 'नो लाँगर ॲट ईज'मध्ये ओकोंक्वोचा विलायतेत शिकलेला नातू क्लारा या ओसू मुलीवर प्रेम करतो, तेव्हा लग्नाला आडवा कोण येतो? त्याचा बाप. तोच न्वोये, आता पक्का ख्रिस्ती, साऱ्या जन्मभर बायबल वाचलेला. धर्म बदलतो, कायदा बदलतो आणि सोयरिकीच्या बैठकीत जुने गाव घोंगडी पांघरून तसेच बसलेले असते. हे सांगायला मराठी वाचकाला नायजेरियात न्यायची गरज नाही.

आता माझ्या कहाणीतला राहिलेला भाग सांगतो. शिलाई मशीन मागणारा तो पोरगा ओढ्यापलीकडच्या वस्तीतला होता. त्याच्या वस्तीचे कपडे मामाच शिवत, पण माप नजरेने घेत. फीत लावत नसत. शिवलेला कपडा ओट्यावर ठेवत, तो उचलून न्यायचा. मामा वाईट नव्हते. त्यांच्या बापाने तसेच केले होते. मी चहा पीत बसलो असताना हे पाहिले होते आणि मला त्यात लिहिण्यासारखे काही वाटले नव्हते. मशीन आल्यावर त्या पोराने सडकेच्या कडेला पत्र्याचे दुकान टाकले. पहिले सहा महिने त्याच्याकडे फक्त त्याच्या वस्तीतले लोक गेले. मग शाळेचे गणवेश आले, मग पोरांच्या पँटी, मग एकेक करीत पाटलांच्या घरचे ब्लाउजही. त्याच्या फितीला कुणाचा विटाळ राहिला नाही. त्याचा हप्ता एकदाही चुकला नाही.

मग सांगा, ते कर्ज देऊन मी काय केले? मोडले की घडवले? मला वाटते, दोन्ही केले, आणि त्यातले एकच लिहिले.

एक परिच्छेद

'थिंग्ज फॉल अपार्ट'चा शेवट ज्यांनी वाचला आहे ते तो विसरले नसतील. सात वर्षांच्या हद्दपारीनंतर ओकोंक्वो गावी परततो, तो गाव त्याचे राहिलेले नसते. कचेरी आहे, तुरुंग आहे, चर्च आहे. पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावून कोंडतात, डोकी भादरतात, दंड वसूल करतात. सभेत सरकारी निरोप्या येतो आणि ओकोंक्वोची तलवार चालते. गाव पेटून उठेल असे त्याला वाटते. गाव गप्प राहते. तो झाडाला गळफास घेतो. आत्महत्या हे भूमातेविरुद्धचे पाप, म्हणून त्याचे भाऊबंद त्याच्या देहाला हातही लावू शकत नाहीत. परक्यांना विनवावे लागते.

तिथे उभा असलेला जिल्हा कमिशनर मनात एका पुस्तकाची जुळवाजुळव करीत असतो. या माणसावर एक प्रकरण लिहिता येईल, त्याला वाटते. मग वाटते, प्रकरण नको, एक परिच्छेद पुरे. पुस्तकाचे नावही ठरलेले असते : नायजर नदीच्या खालच्या अंगाच्या रानटी टोळ्यांना शांत कसे केले, अशा अर्थाचे.

हे वाचले तेव्हा नांदेडच्या भाड्याच्या घरात रात्रीचे दोन वाजले होते. मी दिवा मालवला आणि झोप काही आली नाही. मी त्या कमिशनरहून कंजूष निघालो होतो. त्याने ओकोंक्वोला परिच्छेद तरी दिला. मी मामांना दोन अक्षरे दिली.

मित्राने बोराडेसरांचे नाव का घेतले तेही त्या रात्री उलगडले. रा. रं. बोराडे आमच्या लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. त्यांची 'पाचोळा' १९७१ साली आली. लातूरला कॉलेजात असताना मी ती एका बैठकीत वाचली होती. गंगाराम हा गावचा शिंपी. काळ बदलतो, गाव बदलते, त्याचा मानी स्वभाव बदलत नाही आणि घर वाऱ्यावर जाते. दोन्ही पुस्तकांच्या नावांत विखुरणेच आहे. दोन्ही नायक हेकट, दोघांचेही मुलावर प्रेम आणि मुलाशी वैर. आणि दोन्ही लेखकांनी आपल्या माणसाला संत केलेले नाही.

एका बाबतीत मात्र बोराडेसर पुढे गेले, असे मला आज वाटते. ओकोंक्वोच्या बायका फार बोलत नाहीत. 'पाचोळा' सांगते ती गंगारामची बायको, पारबती, आणि तीही आमच्याकडच्या बोलीत. नवऱ्याचा हट्ट कुठे खरा आणि कुठे खोटा हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार? काजे-बटणे करणाऱ्या हाताला सगळी शिवण आतून दिसते. त्या काळी अशा बोलीत सबंध कादंबरी लिहिणे हे धाडस होते. बोराडेसर २०२५ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा मी 'पाचोळा' पुन्हा वाचली. या वेळी गंगारामच्या ओट्यावर मला मामा बसलेले दिसले आणि अंगणात मोटारसायकल लावून कागद भरणारा एक तरुण अधिकारी.

बँकेचा अहवाल खोटा आणि कादंबरी खरी, असे मला म्हणायचे नाही. अहवालाशिवाय त्या पोराला मशीन मिळाले नसते. पण अहवालाला एका वेळी एकच माणूस दिसतो. एकाचे भले ज्या दिवशी होते, त्याच दिवशी त्याच गल्लीत दुसऱ्याचे काय होते, हे लिहायला तिथे जागा नसते. उमुओफियातला ओसू आणि ओकोंक्वो यांना एकाच पुस्तकात, एकाच्याही बाजूने खोटे न बोलता बसवता आले, म्हणून अचेबे मोठे.

दुकान सुरू झाल्यावर वर्षभराने मी वसुलीसाठी त्या गावी गेलो होतो. मामा ओट्यावर बसले होते, पुढ्यात एक झूल. पोळा जवळ आला होता. चहा झाला. झुलीतून सुई काढता काढता त्यांनी विचारले, "सायब, कर्ज देताना इचारत असतील न्हाई का, गावात शिंपी हाय का म्हणून?"

आवाजात राग नव्हता. माहिती विचारावी तसे विचारले. मी काहीतरी पुटपुटलो आणि घड्याळ पाहिले. मामी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

पुढे तीनेक वर्षांनी मामा वारले. रेडिमेड कपड्यांच्या लाटेत सडकेवरचे ते पत्र्याचे दुकानही बंद झाले आणि तो पोरगा पुण्याला कपड्यांच्या कारखान्यात गेला. जाण्याआधी शाखेत येऊन शेवटचा हप्ता भरला, नो ड्यूजचा दाखला मागून घेतला आणि म्हणाला, "म्हातारं माझ्या दुकानावर एकदा आलतं. काज कसं करावं ते दाखवून गेलं. म्हणलं, मिशिनीचं काज उसवतंय."

गेल्या वर्षी पुण्यात मला नात झाली. बायकोने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली आणि तळातून ती कुंची बाहेर काढली. खणाचा रंग उतरला आहे, पण शिवण एका ठिकाणीही उसवलेली नाही. नातीला ती घातली तेव्हा सुनेने विचारले, "किती सुंदर! कुठून घेतली?"

मी गावाचे नाव सांगितले. आणि म्हणालो, "तिथे एक शिंपी होता."